चार वाजताची बिस्किटं

१० नोव्हेंबर, सोमवार

जान्हवीला इन्शुलिन सुरू होऊन आज बारा आठवडे झाले. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिच्या शरीरात इन्शुलिन आता तयार होत नाही, पुढेही होणार नाही; पोटात जेवढं पीठ आणि साखर जाईल त्या मानाने बाहेरून टोचायचं. कमी पडलं तर साखर चढते. जास्त झालं तर उतरते, आणि उतरलेली साखर वेळ देत नाही. अकरा वर्षांची माझी पोर मान हलवत ऐकत होती. मी वहीत लिहून घेत होते. त्या वहीत आकडे असतात. बाकीचं इथे लिहिते.

शाळेतून आली की चार वाजता तिला काहीतरी कुरकुरीत हवं असतं. राजेश म्हणाला, "बिस्किटांचा पुडा आण ना एखादा. मागे छापलेलं असतं किती काय ते." नवऱ्याचं हे मला पटलं नाही. त्यात मैदा, पामतेल, आणखी काय काय. मीच घरी करणार. सगळं माझ्या हातून गेलेलं असेल तर चुकायला जागा कुठे राहते?

कृती एका व्हिडिओवरून उतरवली. दोन कप कणीक, चार मोठे चमचे साखर, तूप, लागेल तसं दूध. कप म्हणजे आमची मोठी वाटी. पाणी भरून पाहिलं, बरोबर तेवढंच मावतं. मोठा चमचा म्हणजे पोह्यांचा. दोन्ही वेगळे काढून ठेवले, दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत असं सासूबाईंनाही सांगितलं. वाटी पिठात बुडवायची, एकदा आपटायची, वर शीग आली की थांबायचं. प्रत्येक वेळी तसंच. चमच्याचंही तसंच. नियम ठरवला म्हणजे हात इकडेतिकडे होत नाही.

वीस बिस्किटं झाली. कपाला एकशेवीस ग्रॅम कणीक, चमच्याला बारा ग्रॅम साखर, या हिशेबाने एका बिस्किटात अकरा ग्रॅम कार्ब, म्हणजे पिठातली आणि वरची मिळून साखर. हिशेब तीनदा करून पाहिला, अकराच येतात. तीन बिस्किटं म्हणजे तेहतीस. त्यावर इन्शुलिनचे दोन युनिट.

जान्हवीने एक चाखलं आणि म्हणाली, "झकास." हा शब्द तिच्या तोंडून बारा आठवड्यांनी ऐकला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सहा वाजता साखर २४१. हवी दीडशेच्या आसपास.

काल २२८. परवा २३५.

सकाळचे आकडे सरळ आहेत. जेवणानंतरचेही. भातासाठी आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला प्लास्टिकचा पेला आहे, पोळ्या मोजून. फक्त चारचं खाणं झालं की चढते. मी पाचपर्यंत मुलुंडला कॉलेजच्या ग्रंथालयात असते, त्यामुळे चारची वेळ सासूबाईंची. जान्हवी मला फोन करते, मी युनिट सांगते, ती स्वतः टोचून घेते. पुढे काय होतं ते मला दिसत नाही.

लिहिताना लाज वाटते, पण मनात आलं ते आलं. सासूबाईंना हा आजार पटलेला नाही. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्याच होत्या, "पोरीच्या तोंडातलो घास मोजूचो? आमच्यात कोण मोजना नाय."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

२५२. माझं माप रोज तेच, बिस्किटं तीच, युनिट तेच. म्हणजे बदलणारी गोष्ट माझ्याबाहेरची आहे. हे तर्काने बरोबर आहे ना? मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. बरोबर आहे.

जान्हवी चिडचिडी झाली आहे. पाणी सारखं लागतं तिला. अभ्यासाला बसते आणि अक्षरं पुसट दिसतात म्हणते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सतत चढी राहिली तर डोळे, किडन्या, सगळ्यावर जातं. वर्षानुवर्षांनी, असंही म्हणाल्या होत्या. पण मला ते वर्षानुवर्षं ऐकू येत नाही. डोळे एवढंच ऐकू येतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाईंच्या कपाटात चपलांच्या खोक्यात खडीसाखर सापडली. देवाची आहे म्हणाल्या. परत ठेवली. मोजून ठेवली. एकोणचाळीस खडे.

२३ नोव्हेंबर, रविवार

खडे एकोणचाळीसच होते. तरीही मी बोलले.

दुपारी जेवताना कालच्या २४७ चा विषय निघाला आणि मी म्हटलं, "आई, दुपारी तुम्ही तिला काही देता का? रागावणार नाही मी. फक्त खरं सांगा."

त्यांचा हात ताटातच थांबला. "काय देतंय मी?"

"काहीही. एखादा गोड घास. प्रेमाने."

"म्हंजे ईख घालतंय मी माझ्या नातीक?"

राजेश म्हणाला, "आई, विष काय, ती तसं नाही म्हणत."

"तसाच म्हणता ती. शिकलेली आसा, गोड बोलान म्हणता, इतक्याच." मग माझ्याकडे वळून, "देवाशप्पथ सांगतंय गो, त्या बिस्किटांशिवाय मी चेडवाक कायएक दिलंय नाय. तुझा माप, तुझी बिस्किटा. माका त्या डब्याक हात लावूकसुद्धा भीती वाटता."

मी म्हटलं, "मग आकडे खोटं बोलतात का?"

हे वाक्य मी बोलले. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर दुसरं काही बोलले होते असं मला वाटायला नको.

तासाभरात त्यांनी पिशवी भरली. प्रितम, माझा धाकटा दीर, मालाडहून येऊन घेऊन गेला. जान्हवी दारात उभी होती. आजीने तिच्या गालाला हात लावला. राजेशने रात्री जेवण केलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मी रजा टाकली आहे. आता चार वाजता मीच असते. बिस्किटं मी देते, सुई मी टोचते, समोर बसून राहते.

सहा वाजता २३८.

मग कोण?

शेवटी जान्हवीला समोर बसवलं. शाळेतून येताना काही खातेस का? नाही. खाली मैत्रिणी देतात का? नाही. दप्तर रिकामं केलं. कंपास उघडली. तिच्या फ्रॉकचे खिसे पाहिले. किती वेळ विचारत होते कोणास ठाऊक, बाहेर पूर्ण अंधार पडला. मग एकदम ती म्हणाली, "हो. खाल्लं मी."

"काय?"

"चॉकलेट."

"कुठलं?"

तिने दप्तराकडे पाहिलं. "लाल कागदातलं."

"कोणी दिलं?"

"मीच घेतलं." मग लगेच, "आता आजी येईल ना? तिने नव्हतं दिलं, मी खाल्लं. आता तिला फोन कर ना आई."

मी म्हटलं, विषय बदलू नकोस. तिला जवळ घेतलं नाही. वहीत लिहिलं: चॉकलेट, चोरून. खूप वेळ रडले, पण खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. कारण सापडलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. माझं अक्षर बघून म्हणाल्या, "इतकी नीट वही ठेवणारे पालक कमी असतात हो." मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

चॉकलेटचं सांगितलं. त्यांनी जान्हवीला विचारलं, "रोज खात होतीस?" तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. बाईंनी वहीची पानं मागे उलटली. म्हणाल्या, "रोज बरोब्बर तेवढंच? आकडे फार सारखे आहेत." मग बिस्किटांचं विचारलं. मी कृती सांगितली, अकरा ग्रॅम सांगितले. "मोजून ना?" "हो, अगदी मोजून." त्यांनी चारच्या खाण्यासाठी दोनाऐवजी तीन युनिट लिहून दिले आणि दर चार दिवसांनी आकडे पाठवायला सांगितले.

२ डिसेंबर, मंगळवार

१३१. १२६. १३८. तीन दिवस!

राजेशला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "चला, सुटलो." मग म्हणाला, "आता आईला आणू या?" मी म्हटलं, थोडं स्थिर होऊ दे. मला त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, हे खरं कारण. चॉकलेट जान्हवीने खाल्लं असेल तर सासूबाई निर्दोष, आणि मी त्यांना नको ते बोलून बसले आहे.

जान्हवी हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलते.

३ डिसेंबर, बुधवार

राजेश अंधेरीला एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. दिवसभर केसाएवढ्या फरकावरून माल परत पाठवायचं त्याचं काम. आज येताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मापाच्या चमच्यांचा जुडगा घेऊन आला. म्हणाला, "वाटीने आणि चमच्याने माप? आमच्याकडे कोणी असं केलं तर त्याची वाट लागेल."

मी म्हटलं, "माझ्या वाटीत काही खोट नाही."

"वाटीत नसेल गं. पण काटा असलेला काय वाईट?"

बरोबर आहे. सगळं नीट चाललंय तर आणखी नीट करू. जुनी बिस्किटं संपलीच होती. आज सगळं ग्रॅममध्ये घेतलं: कणीक दोनशे चाळीस, साखर अठ्ठेचाळीस. परात जरा रिकामी वाटली. दूधही फारसं लागलं नाही. गोळे करताना लहान लहान होत होते, पण वीसच करायचे ठरलेले, म्हणून वीस केले. काटा म्हणतो ते खरं. अकरा ग्रॅम. पहिल्यांदाच वाटलं की आता कोणी माझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

बिस्किटं आधीपेक्षा खुसखुशीत झाली आहेत.

४ डिसेंबर, गुरुवार

सहा वाजता ७४. थोडी कमी. शाळेत आज धावण्याचा सराव होता, त्यामुळे असेल. वहीत तसंच लिहिलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

रात्रीचा एक वाजला आहे.

चारला तीन बिस्किटं, तीन युनिट. पाचला ती खाली खेळायला गेली. सव्वापाचला तळमजल्यावरच्या नानांची हाक आली, "उत्तरा! लवकर ये गं!" नाना एकटेच राहतात, दिवसभर खिडकीशी बसून कंपाउंडवर लक्ष ठेवतात म्हणून मला त्यांचा राग येत असे.

जान्हवी स्कूटरच्या रांगेपाशी जमिनीवर बसली होती. घामाने चिंब. मी नाव घेतलं तर तिने पाहिलं, पण माझ्याकडे नाही, माझ्या आरपार कुठेतरी. नानांनी तिला उचलून त्यांच्या घरात आणलं. मी वर धावले, मशीन घेऊन आले. ४६.

ग्लुकोजची पुडी आणली होती. पंधरा ग्रॅम द्यायचं, माहीत होतं, पाठ होतं. आणि मी काय केलं? मी पुडीबरोबर काटाही खाली आणला होता. नानांच्या ओट्यावर तो ठेवून मी तो सुरू करत होते. त्याच्यावर शून्य येईना. माझी मुलगी चार हात अंतरावर थरथरत होती आणि मी काट्यावर शून्य यायची वाट बघत होते.

नाना ओरडले, "अगं बाई, मोजतेस काय? घाल तिच्या तोंडात!" त्यांनी पुडी माझ्या हातातून ओढली, पेल्यात पाण्यात ओतली, केवढी ओतली देव जाणे, आणि तिच्या ओठांना लावली. "पी राजा. पी. आणखी एक घोट. शाब्बास."

तिने गिळलं. तिला गिळता येत होतं. एवढ्यावर सगळं निभावलं.

वीस मिनिटांनी ९२. ती म्हणाली, "आई, मी पडले का?" मग नानांच्या घरातला टीव्ही बघून म्हणाली, "तुमचा टीव्ही केवढा जुना आहे हो." नाना हसले आणि डोळे पुसायला आत गेले.

राजेश आला तेव्हा मी ओट्याशीच उभी होते. तो म्हणाला, "बस आधी." मी बसले नाही.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी दोघं झोपलेले असताना जुनी वाटी काढली. रोज भरत होते तशीच भरली, बुडवून, आपटून, शीग येईपर्यंत. काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा करून एकशे सहासष्ट.

मग सुरीच्या पाठीने शीग सपाट केली. एकशे एकवीस.

चमचा: शिगेचा एकवीस, सपाट बारा.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाणी भरून वाटी तपासली होती मी. पाण्याला शीग येत नाही.

एका बिस्किटात अकरा नव्हते, सोळा होते. तिन्हींचे तेहतीस नव्हे, अठ्ठेचाळीस. दोन युनिट अपुरे पडणारच होते. तीन युनिट त्या माझ्या बिस्किटांना लागू पडले. मग मी माप सुधारलं आणि सुई तशीच ठेवली.

म्हणजे कोणीही काहीही खाल्लं नव्हतं. सासूबाईंनी काही दिलं नव्हतं. मी भरलेली शीग होती ती.

हे मला कोणी शिकवलं, आठवायला बसले. कोणी शिकवावं लागत नाही. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर आमची आई शीग लावून देई; सपाट वाटी दिली तर देणाऱ्याचा हात आखडला असं व्हायचं. मला कधी वाटलंच नाही की वाटी सपाट असू शकते. लेकीसाठी तर नाहीच. आणि सासूबाईंना मी अडाणी समजत होते, कारण त्या घास मोजत नाहीत.

जान्हवी उठून आली, काटा, सुरी, सांडलेली कणीक बघत उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. मोठ्या माणसाला सांगावं तसं. ती म्हणाली, "म्हणजे चॉकलेट नव्हतंच."

"तू तर म्हणालीस…"

"तू विचारायचं थांबतच नव्हतीस."

मी सुरी खाली ठेवली.

"आणि मला वाटलं, मी खाल्लं म्हटलं की आजी परत येईल. पण तू फोनच नाही केलास." एवढं बोलून ती तोंड धुवायला गेली.

८ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. बोलताना दोनदा थांबावं लागलं. त्यांनी युनिट पुन्हा दोनवर आणले. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. या आकड्यांवर मी पुढेही वाढवत गेले असते." मग जान्हवीला म्हणाल्या, "तू खोटं का बोललीस ते मला कळलं. पण तुझ्या खोट्यावर मी औषध लिहिलं. दोघींनी लक्षात ठेवा."

निघताना म्हणाल्या, "पुड्यातली बिस्किटं चालतात हो. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." वही उघडून पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

आता चारला ती मला काय सांगेल आणि काय लपवेल, याची भीती आकड्यांपेक्षा मोठी झाली आहे. तिने मला खरं सांगणं बंद केलं तर काटे कितीही आणले तरी ती वाचणार नाही.

१४ डिसेंबर, रविवार

मालाडला गेलो. प्रितमने दार उघडलं, "ये वहिनी," म्हणाला, नेहमीसारखं नाही. सासूबाई आत पलंगावर बसल्या होत्या. जान्हवी धावत जाऊन त्यांच्या कुशीत शिरली आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या.

त्या बाहेर आल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं. "आई, तुम्ही काही दिलं नव्हतं. चूक माझी होती. माझ्या मापाची." वाटीचं, शिगेचं, सगळं. वाटलं होतं, सांगताना रडू येईल. आलं नाही. कोरडंच सांगितलं गेलं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "तुका तेवाच सांगितलंय मी," एवढंच म्हणाल्या.

"घरी चला."

"नाय." लगेच. मग जरा वेळाने, "ह्या म्हयन्यात येवचंय नाय. मगे बघूया." राजेश काही बोलणार होता, मी त्याच्या हाताला हात लावला. त्यांचं बरोबर आहे. मी आज बोलावलं आणि त्या उठल्या, असं व्हावं इतकं साधं मी त्या दिवशी बोललेच नव्हते.

चहा आला. तेवढ्यात जान्हवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात पाठीमागे.

"आई, मी आत डिंकाचा लाडू खाल्ला."

प्रितमच्या हातातला कप तसाच राहिला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय करते ते. मला विचारायचं होतं, का खाल्लास? न विचारता का? कोणी दिला? तिन्ही प्रश्न जिभेवर आले.

मी विचारलं, "केवढा?"

तिने अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. "एवढा. त्यातला अर्धा."

"अर्धो नाय गो," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. "पाऊण खाल्ल्यान."

"आजी!"

"आजी काय? सुई पाऊण लाडवाची घे."

प्रितम हसला, मग राजेश, आणि जान्हवी रागाने लाल होऊन हसू लागली. मी पर्समधून इन्शुलिनचं पेन काढलं. तिच्या बोटांच्या गोलाकडे पुन्हा एकदा पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि पाऊण लाडवाचा अंदाज करून पेनावरचा आकडा फिरवला. जान्हवीने फ्रॉक वर करून मांडी पुढे केली. मी सुई टोचली.

"मोज," ती म्हणाली. औषध पूर्ण आत जावं म्हणून मी दहापर्यंत मोजलं आणि सुई काढली.